निघताना म्हटलेलं "येते"

आज सुनेबरोबर नातीला लस द्यायला गेले होते. नर्सनं स्पिरिटचा बोळा तिच्या दंडावर फिरवला आणि त्या वासानं मला सहा वर्षं मागं, कॅन्सरच्या ओपीडीत नेऊन उभं केलं.

स्तनातली गाठ काढली होती, किमो, रेडिएशन सगळं उरकलं होतं. दर तीन महिन्यांनी मी खुलताबादहून तपासायला यायचे. त्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी थंड बोटांनी काखेपर्यंत चाचपलं आणि म्हणाल्या, "छान आहे. आता एकदम वर्षानं या." ह्यांनी हात जोडले. मला मात्र भर गर्दीत कुणी हात सोडून दिल्यासारखं झालं. "काही नाही" एवढं ऐकून मी तीन महिने काढायचे. वर्ष कशावर काढायचं?

चष्मा राहिला असं ह्यांना सांगून मी एकटीच परत आत गेले. काउंटरवरच्या सिस्टरचा हात धरला. "सिस्टर, तीन महिन्यांचीच तारीख लिहा ना. लई उपकार होतील."

"ताई, लोकं इथून सुटायला बघतात." तिनं हळूच हात सोडवून घेतला.

"येते," मी म्हणाले.

"दवाखान्यातून निघताना येते म्हणू नये, ताई."

मला ठाऊक होतं. म्हणूनच म्हणाले होते.

आता तर तारीखच देत नाहीत. काही वाटलं तरच या, म्हणतात. मला रोजच वाटतं. रोज आंघोळीत बोटं काखेत जातात, पण ती माझीच बोटं. त्यांच्यावर भरवसा कसा ठेवू?

तेव्हा हात धरल्याची लाज वाटली होती. आज वाटतं, सोडायलाच नको होता.