चिनी बोराच्या बिया आणि पल्लवीची झोप

झोपेवर अभ्यास करणाऱ्या पोरायच्या संगतीत बसलं का किस्से एवढे जमतात, का सांगता सांगता आयकणाऱ्याची झोप उडते! माही नात पल्लवी वर्ध्याच्या कॉलेजात पीएचडी करते. इषय काय, तं चिनी बोराच्या बियांनं झोप कशी येते! तिचा डब्बा लॅबमधी नेऊन देता देता सारं आयकलं.

*

एकदा इचारलं, "बी खाल्ली का डोळा कसा लागते वं?"

पल्लवी म्हणे, "आजी, मेंदूत रिसेप्टर असतात. समज, कुलपं. बियांतला अर्क किल्लीवाणी त्यात बसते, मंग डोकं शांत होते."

म्या म्हटलं, "तुह्या आबाच्या डोक्याले कुलूपच नाई बसवलं वाट्टे. बुढा आर्वीच्या बशीत उभ्यानं झोपते!"

*

बियांचं पार्सल घरी आलं. जेवण झाल्यावर बुढ्यानं सुपारी समजून मूठभर चावल्या! पल्लवी घाबरली. तिचा लॅबमधला दोस्त सुमेध घड्याळ घेऊन समोर बसला. शेजारीण आली, तिची सून आली. सारे बुढ्याच्या डोळ्याकडे पाहून राह्यले. जन्मात पयल्यांदा बुढा दुपारी जागा!

"काऊन झोपत नाई आबा?" सुमेधनं इचारलं.

"एवढे लोक टकमक पाह्यतीन, तं कोणाले झोप येईन बे?"

*

गिरडहून भाची आली. "मामी, दोन बिया दे न."

"तुले झोप नाई येत?"

"सासूले नाई येत. म्हणून मले नाई येत!"

*

मे महिन्यात लाईट गेली, लॅबचा कूलर बंद. एका पिंजऱ्यातल्या उंदरायले अर्क देल्ला होता, दुसऱ्यातल्यायले नुसतं पाणी. दोन्ही पिंजरे गाढ झोपले! पल्लवीचे सर ओरडले, "औषध नेमकं कोणाला दिलं?"

सुमेध म्हणे, "औषध एकालेच सर. ऊन दोघायलेही!"

सारं काम पुन्हा पयलेपासून.

*

मंग आली शेवटची परीक्षा. नागपूरहून मोठे साहेब आले. त्यायनं नाई म्हटलं असतं, तं पोरीची सारी मेहनत मातीत. मी मागच्या खुर्चीवर, हात जोडून.

साहेबानं चष्म्यावरून पाह्यलं. "डोळे लाल आहेत तुमचे. झोपला नाहीत?"

"आठवडाभर नाही, सर."

"झोपेचं औषध हाताशी, आणि आठवडाभर जाग्या? मग घेतलं का नाही? तुमचाच विश्वास नाही?"

पल्लवीचे सर जमिनीकडे पाहून राह्यले. सुमेधनं कपाळावर हात मारला.

पल्लवी म्हणे, "सर, उंदरांवर सिद्ध झालंय. मी माणूस आहे."

साहेबानं पेनाचं टोपण काढलं.

"पास! जा, आता झोपा."