माताजींच्या पोशाखाची जर

हरकिशन राणांना सुरतेच्या गोलवाडातली त्यांची अख्खी शेरी, म्हणजे गल्ली, हकाकाका म्हणायची. पाठ वळली की त्या नावाआधी ‘कटकटे’ लागायचं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. दूधवाल्याशी, नळवाल्याशी, सकाळी नाश्त्याचा लोचो विकणाऱ्याशी, कुणाशीच त्यांचं धड जमत नसे. फक्त लाकडी चौकटीवर मखमल ताणून ते भरतकामाला वाकले, की गोलवाडातला भलाभला जरीवालासुद्धा दारातून डोकावून निमूट निघून जाई.

त्यांचे वडील तार ओढायचे. चांदीची जाड तार एकेका भोकातून खेचत केसाएवढी करायची, चपटी करायची, रेशमावर गुंडाळायची, मग तिला सोन्याचं पाणी द्यायचं, की झाली जर. सुरतेतल्या राणा लोकांचा हा घरोघरचा धंदा. हरकिशनच्या हातून मात्र तार तुटायची. शेवटी वैतागून बापानं त्याला सैयदपुऱ्यातल्या करीमुद्दीन उस्तादांकडे भरत शिकायला बसवलं. ‘तोडायचीच असेल तर त्यांची तोड,’ म्हणाला. तिथे पोराचा हात बसला. उस्ताद थकले तेव्हा शेरीतल्या माताजींच्या पोशाखाचं काम त्याच्याकडे आलं, आणि तेव्हापासून नवरात्रातल्या अष्टमीला देवी नेसायची ते हरकिशनच्याच हातचं.

त्या पोशाखाला जर द्यायचा मान ठाकोरभाई जरीवालांच्या घराण्याचा. जर म्हणजे अस्सल, चांदीची. बाजारात तांब्याची आली, मग नुसत्या चकचकीत प्लास्टिकच्या पट्टीची आली. गोलवाडानं पोटासाठी दोन्ही धरल्या. पण माताजींच्या अंगावर अस्सलच चढायची, याबद्दल कुणी तोंड उघडत नसे.

उघडलं ते भूपेननं. त्याचा उधन्याला प्लास्टिकच्या जरीचा कारखाना होता आणि मंदिराच्या ट्रस्टवर तो नुकताच आला होता. श्रावणातल्या बैठकीत तो म्हणाला, ‘यंदाची जर माझ्याकडून घ्या. काळी पडत नाही, वजनाला फूल, आणि चमक अशी, की गरब्यातल्या शेवटच्या माणसालाही दिसेल. निम्मा देश तीच नेसतो, काका. माताजींनी काय पाप केलंय?’

‘माताजींनी नाही, माझ्या सुईनं केलंय,’ हकाकाका म्हणाले. ‘तुझी जर कोपऱ्यात वळवली की स्प्रिंगसारखी उसळते. कोयरी काढायला जावं तर वांगं होतं.’

लोक हसले. ठाकोरभाई हसले नाहीत. ऐंशीच्या घरातला माणूस, पांढऱ्या टोपीत ताठ बसलेला. म्हणाले, ‘भूपेन, प्लास्टिकमध्ये आपण भाजी आणतो. मी जिवंत आहे तोवर देवीच्या अंगावर ते चढणार नाही.’

एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण भूपेननं मंदिराला नवा पंखा दिला होता, शिवाय संगमरवर घालून देणार होता. ट्रस्टचे लोक कुणालाच दुखवायला तयार नव्हते. आज अस्सल ठरायची, चार दिवसांनी निरोप यायचा की जरा थांबा. मग कुणी सुचवलं, पदर अस्सलचा आणि घागरा प्लास्टिकचा करा. हकाकाकांनी निरोप्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. गणपती आले आणि गेले. चौकटीवर लाल मखमल नुसती ताणलेली.

‘ती मखमल काढा तरी,’ हकाकाकांच्या पत्नी इच्छाबेन म्हणाल्या, ‘नाहीतर मी तिच्यावर पापड वाळत घालते.’

‘घाल. देवीला पापडाचाच पोशाख करतो. त्यावर तरी ट्रस्टचं एकमत होईल.’

‘माझ्यावर कशाला खेकसता? मी आहे का ट्रस्टवर?’

अखेर ठाकोरभाईंनी सगळ्यांना आवाज चढवून सांगितलं आणि अस्सल ठरली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पेढीवरून जरीची रिळं आली, लाल कापडात बांधून, वर कुंकू लावून. हकाकाकांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि एक रीळ उचललं. उचललं आणि तसंच धरून बसले.

‘काय झालं?’ इच्छाबेननी विचारलं.

टोक तोडून त्यांनी पात्यानं खरवडलं. वरचं सोनेरी गेलं, त्याखालचा पांढरा मुलामा गेला आणि आतून तांबूस निघालं. दुसरं रीळ घेतलं, तिसरं घेतलं. सगळीकडे तांबं.

चपला घालून ते थेट ठाकोरभाईंच्या घरी गेले. ठाकोरभाई झोपाळ्यावर बसले होते. हकाकाकांनी खरवडलेलं टोक त्यांच्या मांडीवर टाकलं.

ठाकोरभाईंनी ते पाहिलंसुद्धा नाही. ‘दार लाव,’ म्हणाले.

‘लोकांसमोर प्लास्टिकची भाजी केलीत, आणि मला तांबं पाठवता, शेठ?’

‘ओरडू नकोस. सुना ऐकतात.’ झोपाळा थांबला. ‘आमच्याकडे अस्सलची तार कुणी ओढत नाही, हका. मुलांनी ते खातंच बंद केलं. मला सांगितलं ते बंद झाल्यावर.’

‘मग विकत घ्या. अजून दोन-तीन घरं करतात.’

‘कुणी घ्यायची? मी? ठाकोर जरीवाला दुसऱ्याच्या दुकानात जाऊन अस्सल मागतो? संध्याकाळच्या आत सगळ्या गोलवाडाला कळेल की आमच्या घरातली चांदी संपली.’

‘मी आणतो. माझ्या नावावर.’

‘यंदा तू कुणासाठी भरतोयस ते पोरासोरांनासुद्धा माहीत आहे. तू घेतलीस म्हणजे मीच घेतली.’

‘मग मी बैठकीत सांगतो.’

‘सांग,’ ठाकोरभाई म्हणाले. ‘मग भूपेन जिंकला. यंदा आणि दरवर्षी.’

हकाकाका रस्त्यात आले ते दात आवळतच. म्हातारा लबाड होता, पण खोटं बोलला नव्हता. खरं सांगावं तर देवीला प्लास्टिक, गप्प बसावं तर तांबं. नानखटाईच्या दुकानापाशी कुणी ‘केम छो हकाकाका’ म्हणालं, त्यालाही ते उगाच तोडून बोलले.

मग त्यांच्या डोक्यात आलं, देवळाच्या पेटीत जुने पोशाख आहेत, त्यांतली चांदी काढावी. पुजाऱ्याकडून त्यांनी एक मागून आणला. उस्तादांच्या हातचा, हिरवा. खिडकीत बसून टाके उसवायला लागले. पण आतलं रेशीम कुजलं होतं. धागा ओढला की वरची चांदीची पट्टी साल निघावी तशी सुटायची आणि बोटांत नुसता चुरा उरायचा. दिवसचे दिवस त्यांनी हेच केलं. डोळे सुजले, हाती कामाचा एक लांब धागा आला नाही, आणि उस्तादांनी त्यावर भरलेला मोर मात्र कायमचा गेला.

‘बिचाऱ्याला का मारलंत?’ इच्छाबेन मोराची उरलेली मान पाहून म्हणाल्या. हकाकाका उठून गॅलरीत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. इच्छाबेन थोड्या वेळानं चहा घेऊन आल्या. ‘हे पाहा, तांब्याची म्हणून भरा. पण अस्सल म्हणून मिरवू देऊ नका. तेवढं तुमच्या हातात आहे.’

तेवढंच त्यांनी केलं. ठाकोरभाईंना सांगून आले, ‘देवळाबाहेरच्या फळ्यावर अस्सल हा शब्द दिसला, तर पोशाख मी तिथेच फाडीन.’ ठाकोरभाईंनी मान डोलावली.

मग हकाकाका चौकटीशी बसले. काम त्यांनी वाईट केलं नाही, तसं करताच येत नव्हतं. वेली वळल्या, कोयऱ्या नीट बसल्या. पण दर टाक्याला ते काहीतरी पुटपुटत, आणि ते स्तोत्र नव्हतं.

अष्टमीला फळ्यावर अक्षरं होती, ‘जरीचा पोशाख, अर्पण: ठाकोरभाई जरीवाला परिवार.’ शब्द पाळला होता. पण आरती संपली आणि पुजाऱ्यानं माइक हातात घेतला. ‘ठाकोरशेठांकडून दरवर्षीप्रमाणे अस्सल जरीचा पोशाख! बोलो अंबे मात की जय!’ टाळ्या पडल्या. हकाकाकांनी गर्दीतून ठाकोरभाईंकडे पाहिलं. ठाकोरभाई देवीकडे पाहत होते, आणि तिकडेच पाहत राहिले. बायका दर्शन घेऊन येताना एकमेकींना सांगत होत्या, ‘अस्सलची शोभाच वेगळी गं.’ हकाकाका गरबा सुरू व्हायच्या आत घरी आले आणि न जेवता झोपले.

खरी शोभा झाली ती पुढे. दिवाळी सरता सरता कापराच्या धुरानं आणि तेलाच्या हातांनी पोशाखाचा काठ काळवंडला. होळीपर्यंत कोयऱ्या जळक्या बदामासारख्या दिसू लागल्या. चांदीही मळते, पण जपून पुसली की उजळते. हे पुसावं तसं लाल निघत होतं. वर्षाच्या हिशेबाच्या बैठकीत भूपेननं तो पोशाख सगळ्यांसमोर पसरला.

‘बघा तुमची अस्सल,’ तो म्हणाला. अगदी गोड आवाजात म्हणाला. ‘मी काय सांगत होतो?’

हकाकाकांच्या कपाळाची शीर तटतटली. ‘ही अस्सल नाही!’ ते उठून ओरडले. ‘तांबं आहे हे. अस्सल असं कधी होत नाही. पेटीतले जुने काढा आणि बघा!’

मग कुणीतरी हळूच विचारलं, ‘ठाकोरशेठ?’

ठाकोरभाईंनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्या कडेवरून बोट फिरवलं.

‘काका, तुम्हाला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही,’ भूपेन म्हणाला. ‘त्यात वाईट वाटून काय घ्यायचं?’ आणि लोकांना तेच सोयीचं वाटलं. कटकट्या माणसावर अविश्वास दाखवणं सोपं असतं. शेठवर दाखवायचा तर शेरीत रोज तोंड लपवत फिरावं लागलं असतं. हात वर झाले. पुढची जर प्लास्टिकची ठरली.

हकाकाकांनी दोनदा जाहीर केलं की मी हे काम करणार नाही. पण दुसरं कोण करणार, हेही ते रोज विचारत. ट्रस्टनं मशीनवर भरलेला पोशाख मागवायचं म्हटलं, तेव्हा त्यांनी शिव्या घालत चौकट काढली. भूपेनची रिळं आली. चमकत होती, दिव्यासारखी. पहिल्या वेलीच्या पहिल्याच वळणावर धागा ताठ उभा राहिला. दाबला, पुन्हा उठला. एका टाक्याच्या जागी तीन घातले, तरी वेल फुगलेलीच.

‘अगं, ही बसत का नाही!’ त्यांनी सुई मखमलीत खुपसली आणि डोकं धरून बसले.

जिन्यावर काठी वाजली. ठाकोरभाई आले होते, दम लागलेला. इच्छाबेननी पाटावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी चौकटीवरची फुगलेली वेल पाहिली.

‘त्या दिवशी मी बोलायला हवं होतं,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘आता सांगू? सगळ्यांना बोलावून सांगतो.’

‘आता काय सांगता!’ हकाकाका उसळले. ‘मखमल अर्धी भोकं पडून बसली. मुहूर्त तोंडावर आला. आता सांगाल, पुन्हा बैठक, पुन्हा थांबा, पुन्हा पदर याचा नि घागरा त्याचा! गप्प बसा तुम्ही.’

ठाकोरभाईंनी चष्मा चढवला, सरकून चौकटीजवळ आले आणि उसळलेला धागा वळणावर बोटानं दाबला. हकाकाकांनी एकदा त्या हाताकडे आणि एकदा माणसाकडे पाहिलं, मग सुई उपसली.

‘नखानं धरा, शेठ,’ ते खेकसले. ‘बोटानं नाही. बोटाखालून निसटते ही.’