मला न दिसणारा आईचा चेहरा

आधीच सांगते, भूतबाधा, दृष्टांत वगैरे मी हसण्यावारी नेणारी बाई. रायपूरला शंकर नगरात चष्म्याच्या दुकानात चौदा वर्षं झाली, लोकांचे डोळे तपासून राहिली. धूसर दिसलं की नंबर काढायचा, विषय संपला. हे लिहितानाही स्वतःचाच राग येतोय... पण कुठंतरी सांगायला हवं.

आई दादाकडे बीरगांवला राहायची. मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला — "पोरी, मले धूसर दिसून राहिलं. डोळे पाहून देतं का?" मी म्हटलं, "हव आई, रविवारी येते." बीरगांव काही विलायतेत नाही! तरी तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात तिला अंगणाची पायरी दिसली नाही. पडली, आणि आठ दिवसांत गेली.

वर्षश्राद्धासाठी दादानं भनपुरीच्या एका भैयाकडून तिचं मोठं पेंटिंग करून घेतलं. ट्रकांवर चित्रं काढतो तो. भिंतीवर लावलं, हार घातला. आता बोलेल की काय, असं सगळे म्हणाले. मला लुगड्याचे काठ दिसले, मागची तुळस दिसली, अगदी पान न् पान. चेहरा तेवढा ओलं बोट फिरवल्यासारखा.

"दादा, चेहरा काहून असा फासला यानं?"

दादा चित्राजवळ जाऊन पाहून आला. भाची म्हणाली, "बुआ, दादी तो एकदम साफ दिख रही है।"

मोबाइलवर फोटो काढला. त्यातही तसंच — फक्त मलाच. दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्यासोबत काम करणाऱ्या दीदीकडून डोळे तपासून घेतले. नंबर शून्य.

मग माझं डोकंच फिरलं म्हणा. रविवारी भरदुपारी काचांची पेटी घेऊन बीरगांव गाठलं. पेंटिंगसमोर खुर्ची टाकली, तपासायची फ्रेम डोळ्यांवर चढवली आणि एकेक काच बदलत गेली. वहिनी तोंडाला पदर लावून उभी. प्लस एक... दोन... तीन... काही नाही. प्लस साडेचार टाकली. खोली, दादा, हार, सगळं धुक्यात गेलं. चांगल्या डोळ्यांना त्या काचेतून तसंच दिसणार. पण चेहरा लख्ख! हनुवटीवरचं गोंदण, पापण्यांचे केससुद्धा. आई थेट माझ्याकडे बघत होती. मी हमसून हमसून रडली.

काच काढली की पुन्हा धूसर. आजही तसंच आहे. एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले मनाचे खेळ आहेत. असतीलही. मला एवढंच कळत नाही... प्लस साडेचार हा आईचाच नंबर होता का? कोणाला विचारू? अर्ध्या रायपूरचे डोळे तपासले मी, तिचे कधी तपासलेच नाहीत.