गुंडाचा पांढरा शर्ट

"एवढा पांढरा शर्ट गुंडाचा असतो का गं?" बाई म्हणाल्या आणि खाली वाकल्या. मैदानातली मूठभर काळी माती त्यांनी उचलली, माझ्या खांद्यावर, छातीवर, बाहीवर चोळली. माती झडायला लागली तेव्हा बाटलीतलं पाणी टाकून पुन्हा चोळली. नीट बसावी म्हणून.

मग त्या हात झटकत मागे सरकल्या. माझ्याकडे डोकं तिरपं करून पाहिलं.

"आता कसं! आता सांगावं लागत नाही तू कोण आहेस ते."

मुली हसल्या. माझ्या ओठावर काजळाच्या पेन्सिलीची मिशी होती. मिशी फिसकटेल म्हणून हसायचं नाही, असं बाईंनीच बजावलं होतं. मी हसले नाही.

शर्ट माझ्या बाबांचा होता.

मी नववीत होते. दर्यापूरकडच्या काळ्या जमिनीतलं आमचं छोटं गाव. शाळा जरा मोठ्या गावात, एका खाजगी संस्थेची. त्या हिवाळ्यात पंचायत समितीनं शाळेतल्या मुलींसाठी स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण ठेवलं. अकोल्याहून कराटेचे सर येत. मुलींवरचे अत्याचार रोखायचे, मुलींना निर्भय करायचं, असं फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं होतं. शेवटी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक व्हायचं होतं. प्रात्यक्षिकात एक मुलगी लागणार होती आणि एक गुंड.

मुलगी म्हणून मृणालला घेतलं. वकिलांची मुलगी. गोरी, लांब वेणी, वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारी. गुंड म्हणून बाईंनी वर्गभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. मी बौद्ध वस्तीतली. उंच, सावळी.

"तुमच्याकडच्या मुली धीट असतात," त्या म्हणाल्या. "तुला शोभेल."

मग प्रशिक्षण सुरू झालं. बाकीच्या मुली कोपर मारायला शिकल्या, गुडघा मारायला शिकल्या, मनगट सोडवायला शिकल्या. मला सरांनी पडायला शिकवलं. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल करायची, हात आपटायचा. रोज मृणाल मारायची, रोज मी पडायचे. सर खूश होते. "हिच्यासारखं कोणी पडत नाही," म्हणायचे.

सरकारनं आम्हा सगळ्या मुलींना स्वतःला वाचवायला शिकवलं. मला सोडून.

पण एवढ्यानं मी विरोधात उठले नसते. गोष्ट फाट्याची होती.

शाळेच्या मुलींसाठी एस.टी. सुरू झालेली होती. ती आमच्या गावात येत नव्हती. हमरस्त्यावरच्या फाट्यावर सोडायची. तिथून वस्तीपर्यंत चालत. दोन्ही बाजूला तूर आणि कापूस. त्या रस्त्यावर एक मुलगा मोटरसायकल आडवी लावून उभा राहायचा. संस्थेच्या सचिवांचा मुलगा. कॉलेजात नाव होतं, दिवसभर गाडीवर असायचा. "चाल, सोडून देतो," म्हणायचा. आम्ही गाडीला वळसा घालून बांधावरून जायचो, तर तो गाडी तिकडे वळवायचा.

माझ्या थोरल्या बहिणीची शाळा याच रस्त्यावर संपली. घरात कोणी तिला काही विचारलं नाही. दहावीला बसवलंच नाही. वरूडकडं लग्न लावून दिलं.

एक दिवस त्यानं माझी ओढणी ओढली. मी ती सोडून पळाले. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी शाळेच्या ऑफिससमोर उभी होती आणि हँडलला माझी ओढणी बांधलेली होती. गणवेशाची. शिक्षक जात होते, येत होते. सगळ्यांनी ती पाहिली.

मी बाईंकडे गेले. सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मग त्यांना हसू आलं.

"अगं, त्याच्या घरी काय कमी आहे? तुझ्या मागं येईल तो?"

एवढं बोलून त्या प्रात्यक्षिकाकडे वळल्या. त्यात गुंडानं मुलीची ओढणी ओढायची होती.

घरी मी यातलं काही बोलले नव्हते. बोलले असते तर माझीही शाळा बहिणीच्या वाटेनं गेली असती. माय कापूस वेचायला जायची. तिला मी एवढंच सांगितलं होतं की शाळेत कार्यक्रम आहे, शर्ट पाहिजे. तिनं पेटीतून बाबांचा पांढरा शर्ट काढला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला आणि दसऱ्याला नागपूरला जाताना बाबा तो घालायचे. एरवी नाही. मायनं तो नीळ घालून धुतला, गावातल्या इस्त्रीवाल्याकडून कडक इस्त्री करून आणला.

"मळवू नोको," म्हणाली. "बाबाचा हाय."

आणि बाईंनी त्यावर माती चोळली.

माझ्या आत काही पेटलं वगैरे नाही. उलट सगळं थंड झालं. मी शर्टाकडे पाहिलं. पाठ अजून पांढरी आहे, हे लक्षात आलं. पडले तर पाठही काळी होणार होती. मी पडायचं नाही, हे तिथं ठरलं.

मैदानात मांडव होता. व्यासपीठावर सचिव, गावातले मान्यवर, टोकाला पंचायत समितीच्या विस्तार अधिकारी. गळ्यात हार नसलेल्या त्या एकट्याच. खाली पहिल्या रांगेत सोफे. त्यातल्या एकावर सचिवांचा मुलगा पाय पसरून बसला होता.

मृणाल दप्तर घेऊन चालत आली. मी मागून गेले. ओढणी ओढायची जागा आली. माझा हात पुढं गेला आणि तिथंच थांबला. मी ओढणीला हात लावला नाही.

मृणाल गोंधळली. तरी शिकवल्याप्रमाणे "वाचवा!" ओरडली, वळली आणि कोपर मारलं. ते माझ्या बरगडीत बसलं. मी उभी राहिले. तिनं गुडघा मारला. मी उभी राहिले.

"पड," सर बाजूनं दबक्या आवाजात म्हणाले.

"पड ना गं," मृणाल कुजबुजली. "माझा पार्ट अडलाय!"

लोक हसायला लागले. पहिल्या रांगेतून शिट्टी आली. त्याचीच. "गुंड तगडा हाय बे!" तो शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला.

मी निवेदनाच्या माईकपाशी गेले. बाई तिथंच होत्या. कार्यक्रमातलंच काही निवेदन असेल असं समजून त्या बाजूला झाल्या. सवयीनं.

"मी गुंड नाई," मी म्हणाले. "मी फाट्यावरून पायी जानारी पोरगी हाय. माही ओढणी ज्यानं गाडीले बांधून फिरवली, तो पहिल्या रांगेत बसला हाय. आता शिट्टी त्यानंच वाजवली."

"आवाज बंद करा," व्यासपीठावरून कोणी तरी म्हणालं. माईक बंद झाला.

"बस फाट्यावर नाई पायजे," मी माईकशिवाय ओरडले. "वस्तीत पायजे!"

मागच्या बाजूला आमच्या वस्तीतल्या मुली बसल्या होत्या. त्यांतली एक उभी राहिली. मग दुसरी. कोणी घोषणा दिली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

बाईंनी मला दंडाला धरून पडद्यामागे नेलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"कोणाचं नाव घेतलंस, कळतं का तुला?"

"मी नाव नाई घेतलं, बाई," मी म्हणाले. "तुमी ओळखलं."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मायला बोलावलं. त्याआधीच्या रात्री मी तिला ओढणीपासून सगळं सांगितलं होतं. शर्ट तिनं दोनदा धुतला होता. काळी माती निघाली नव्हती. शाळा सुटली असं मी धरून चालले होते.

माय वेचणी सोडून आली. केसांत कापसाचे तंतू होते. हातात घडी केलेला शर्ट. मुख्याध्यापकांनी तिला बसायला सांगितलं नाही.

"मुलीनं सगळ्यांसमोर शाळेची अब्रू घालवली. माफीनामा द्या, नाहीतर दाखला घेऊन जा."

मायनं शर्ट त्यांच्या टेबलावर उलगडला. काचेवर, टाचणीच्या डबीशेजारी, मातीची बाजू वर करून.

"सर, हा माह्या मालकाचा शर्ट हाय. हे माती कोणं लावली?"

"अहो बाई, ते नाटक होतं."

"मंग तिचं बोलनंबी नाटकातलंच समजा."

मुख्याध्यापकांनी टाचणीची डबी शर्टापासून दूर सरकवली.

"पहिले हे माती काढून द्या," माय म्हणाली. "मंग पाहू माफीचं."

शर्ट तिथंच टाकून ती निघाली. मी मागून. शिपाई शर्ट घेऊन धावत आला. तिनं हात पुढं केला नाही.

त्या दिवशी आम्ही फाट्यावरून बरोबर चालत गेलो. अर्ध्या रस्त्यात ती थांबली.

"तुह्या बहिणीले या रस्त्यापायी घरी बसवलं. लय मोठी चूक झाली," ती म्हणाली. "तुले नाई बसवत. घरी बसाचं असन तं त्यानं बसावं."

मला आजवर मिळालेलं सगळं शिक्षण या एका वाक्यावर उभं आहे.

त्याच आठवड्यात कार्यक्रमाची बातमी छापून आली. "विद्यार्थिनीने गुंडाला चारी मुंड्या चीत करताच उपस्थितांनी टाळ्यांचा कडकडाट केला." मी मायला वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला लावली.

"तू तं पडलीच नाई ना?"

"नाई."

"मंग हे कोण पडलं?"

बातमी आदल्या दिवशीच देऊन ठेवलेली होती, हे मला फार पुढं कळलं, वर्तमानपत्राच्या धंद्यात आल्यावर.

पुढचं थोडक्यात. माफीनामा आम्ही दिला नाही आणि दाखलाही कोणी हातात ठेवला नाही. त्या विस्तार अधिकारी बाई एका संध्याकाळी कोणाला न सांगता स्कूटरवर फाट्याला आल्या. तुरीच्या कडेला उभ्या राहिल्या. आम्ही उतरलो, गाडी आडवी आली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना पाहून गाडी पळाली. त्या मला म्हणाल्या, "तुमच्या शाळेतून मला दर वेळी एकच उत्तर येतं. तक्रार निरंक." मग त्या डेपोत जाऊन बसल्या, ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या. उन्हाळ्याआधी बस वस्तीच्या तोंडाशी यायला लागली. पंचायत समितीच्या त्या सगळ्या मोहिमेत आमच्या वाट्याला आलेली खरी गोष्ट ही एवढी. ती एका बाईनं खुर्ची सोडल्यामुळे आली.

त्या मुलाला काही झालं नाही. त्याला पुण्याला शिकायला पाठवलं. माझी बहीण फाट्यामुळे शाळेतून गेली होती. तो फाट्यामुळे पुण्याला गेला. हा फरक मी विसरलेले नाही.

बाबा पुढच्या चौदा एप्रिलला रंगीत शर्ट घालून मिरवणुकीत चालले. कोणी विचारलं की म्हणायचे, "पांढरा शाळेत देल्ला हाय. धुवाले."

आता मी अमरावतीत एका दैनिकात काम करते. तालुक्यांतून येणाऱ्या बातम्या माझ्याकडे असतात. आज दुपारी एक प्रेसनोट आली. त्याच शाळेची. मुली व महिलांच्या सुरक्षेसाठी नवी समिती, तिचं उद्या उद्घाटन. समितीचे अध्यक्ष आणि समारंभाचे प्रमुख पाहुणे संस्थेचे सचिव. जुने सचिव नाहीत. त्यांचा मुलगा. सोबतच्या जुन्या फोटोत गळ्यात हार, हात उंचावलेला. "मुलींनी निर्भय बनावे, असे प्रतिपादन त्यांनी केले." समारंभ उद्या आहे. प्रतिपादन आजच झालेलं आहे.

खाली शेवटची ओळ अशी: "विद्यार्थिनींनी स्वसंरक्षणाचे प्रात्यक्षिक सादर केले. गुंडाची भूमिका करणाऱ्या विद्यार्थिनीला एका फटक्यात जमिनीवर लोळवताच टाळ्यांचा कडकडाट झाला."

म्हणजे उद्या एक मुलगी पडणार आहे. ती कुठल्या वस्तीतली असेल, हे मला विचारावं लागत नाही.

"दोन कॉलम लावून टाक," संपादक म्हणाले.

"हे अजून घडलं नाही," मी म्हणाले. "मी जाते."

"तिथं काय आहे जाण्यासारखं?"

मी त्यांना फाटा सांगितला. ओढणी सांगितली. हा माणूस मला ओळखतो आणि मी त्याला, हेही सांगितलं. त्यामुळे उद्याची बातमी वेगळी छापायची आणि माझ्यावर गुदरलेलं वेगळं, माझ्या सहीनं, असं म्हणाले. त्यांनी प्रेसनोट माझ्याकडे परत सरकवली. "जा," म्हणाले.

मी सकाळच्या पहिल्या गाडीनं जाणार आहे. आधी मांडवामागे जाईन, जिथं मिशी रंगवतात. त्या मुलीला विचारीन, तुला मारायला शिकवलं की पडायला. मग पहिल्या रांगेत बसेन. ती पडली तर पडली असं लिहीन. ती उभी राहिली तर बातमी तिथून सुरू होईल.

आणि सोफ्यावरून शिट्टी वाजवणारा तो मुलगा आज कोणत्या खुर्चीत बसतो, हे त्या बातमीत असेल. तेव्हा मी नाव घेतलं नव्हतं.

या वेळी घेणार आहे. पूर्ण. वडिलांच्या नावासकट.