पंगत उठते तेव्हा

माझ्या भाचीच्या बाळाचं काल बारसं होतं. माझ्या मावसबहिणीसाठी, सुनंदाताईसाठी, खुर्ची ठेवली होती. ती मात्र हट्टाने पंगतीत, जमिनीवर बसली. जेवणं आटोपली. पंगत एकदम उठायची, म्हणून सगळे तिच्याकडे बघू लागले. मी हात पुढे केला.

"ओढू नकोस गं, तोल जातो माझा," ताई म्हणाली.

ती ओणवी झाली. पाय ताठ केले. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, पुन्हा पहिला आणखी थोडा वर. स्वतःच्याच पायांवरून ती हातांनी चढत होती.

आपले स्नायू रोजच्या वापरात थोडे उसवतात आणि आपोआप सांधले जातात. आपल्याला पत्ताही नसतो. ताईच्या स्नायूंना तगवणारं प्रथिन जन्मापासूनच नीट बनत नाही. त्यामुळे उसवणं जास्त, सांधणं कमी, आणि झिजल्या जागी चरबी भरत जाते. कंबर आणि मांड्या थकल्या तेव्हा उठण्याची ही रीत तिला कुणी शिकवली नाही. शरीरानेच ती शोधली. जिद्द म्हणजे दात-ओठ खाऊन करायची गोष्ट, असं मी समजत होते. ती इतकी सावकाश असू शकते, हे काल दिसलं.

ताई उभी राहिली. तिच्या नव्या साडीवर गुडघ्यापासून मांडीपर्यंत वरणाची पिवळी बोटं उमटली होती. तिने ती पुसली नाहीत. खाली खरकट्या हातांनी बसलेल्या अख्ख्या पंगतीकडे बघून म्हणाली, "चला, उठा आता."