तांबडीच्या गळ्यातला पट्टा

समस्त किन्हीराजा पंचक्रोशीस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या तांबड्या गाईची प्रकृती सलग चौथ्या दिवशी चिंताजनक होती. ही बातमी मला डॉक्टरांनी नाही, मोबाइलने दिली. ‘हालचाल कमी. आजाराची शक्यता.’

तांबडीच्या गळ्यात सेन्सरचा पट्टा होता. ती किती चालते, किती रवंथ करते, सगळं तो कळवायचा. हट्ट बायकोचा. आधीची गाय चरायला जाता जाता आजारली, कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि गेली. ही तर गाभण. हिला काही झालं असतं तर बायकोने पुन्हा गोठ्यात पाय ठेवला नसता. म्हणून मोबाइल वाजला की मी निघायचो.

तीन दिवस भर उन्हात चराईची टेकडी चढलो. तिन्ही दिवस तांबडी निवांत रवंथ करत माझं धापा टाकणं बघत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचा ताप पाहिला, पोट पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. ‘‘गाईले काही नाही. तुमीच बसा जरा.’’

चौथ्या दिवशी पाय इतके भरून आले होते की चढण टाळून मागच्या नाल्याने गेलो. गावची गुरं राखणारा गायकी माझ्या रोजच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला. आणि तांबडी? गळ्यात हातभर लाकडाचं लोढणं घेऊन रखडत चाललेली. पळकुट्या जनावराला बांधतात तेच. गाभण गाईला ते बांधायचं नाही, असं बायकोने त्याला बजावून ठेवलं होतं.

‘‘हे काय रे?’’

तो ताडकन उठला. ‘‘भाऊ, तुमी इकडून कसे?’’

‘‘रोज बांधतं का?’’

‘‘लोकायच्या तुरीत घुसते न भाऊ ते! शिव्या मले पडतात. तुमी वाटेनं दिसले का सोडून टाकत होतो.’’

मी दगडावर बसलो. हसू येत होतं, पण हसायलाही दम लागतो. तेवढ्यात बायकोचा फोन. सकाळपासून तिच्या पोटात घास नव्हता.

‘‘गाय कशी हाय? खरं सांगा.’’

गायकीने मला हात जोडले. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि त्याच्याच तोंडापुढे धरला.

‘‘वहिनी, गाय ठणठणीत हाय! हा पट्टाच चुगलखोर हाय!’’