कणसाचं बूच

अहेरीच्या एसटीत ती बाई माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर मोहाच्या बियांच्या तेलाची जुनी बाटली आणि तिच्या तोंडाला दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचं बूच. अधूनमधून ती ते अंगठ्याने दाबून बघायची, तान्ह्या पोराची टाळू चाचपावी तसं.

मी शाम्पूचा विक्रेता. न राहवून तिला आमच्या बाटलीचं झाकण दाखवलं. बाटली उलटी केली तरी गळत नाही, सरकारनं पेटंट दिलंय, आता असं झाकण दुसऱ्या कोणालाही करता येणार नाही, असं ऐटीत सांगितलं.

आष्टीपुढच्या खड्ड्यांनी ते झाकण फोडलं आणि माझी बॅग शाम्पूने भिजवली. तिचं बूच जागेवर होतं.

"सरकारनं तुमाले कागद देला भाऊ," ती शांतपणे म्हणाली, "रस्ता नाई देला न."

मग पिशवीतला कणसाचा तुकडा काढून तिने दाताने कुरतडला, माझं फुटकं झाकण काढलं आणि तो तिथे घट्ट बसवला.

अहेरीच्या दुकानदाराने ते बूच निरखून पाहिलं. "हे नवीन दिसते. याचं पन पेटंट हाय का?"

"अर्ज केलाय," मी म्हणालो.

बाईचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं.